मशीनच्या खडखडाटात

तीर्थरूप बाबा,

"माझी वेळ आली की..." असं तुम्ही सुरू केलंत, की मी शिलाई मशीनच्या पेडलवर पाय दाबायचे. पुढचं सगळं खडखडाटात बुडून जायचं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "नळ्या ठेवायच्या का? त्यांची काय इच्छा होती?" मला सांगता येईना. तुम्ही एकवीस दिवस तसेच पडून होतात.

आता मशीन चालू केलं की तुमचा आवाज येतो. तेवढंच वाक्य, पुढे नाही. थांबवलं की तुम्हीही गप्प.

काल मशीनवर बसलेल्या लेकीला म्हटलं, "ऐक, माझी वेळ आली की..."

"आई, काहीतरीच तुझं," म्हणत तिने पेडल दाबलं.

या वेळी मशीनमधून माझा आवाज आला.

अजून कान देऊन बसलेली,
तुमची थोरली