माझ्यामागे नागेशला घराबाहेर काढू नये म्हणून

मी, येसाजी गणू वेळीप, वय बासष्ट, राहणार गुंद, तालुका जोयडा, शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र करतो. कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे, ती लपवत नाही. दिवाळी दिसेल असे डॉक्टर म्हणत नाहीत.

१. गुंदचे कौलारू घर मी नाटकांच्या बिदागीतून बांधले, वडिलार्जित नाही. ते रामनगरचा शिंपी नागेश पिसे यास देतो. सव्वीस वर्षे आम्ही एकत्र राहतो. विचारणाऱ्याला मी 'गडी आहे' सांगत आलो, ग्रामपंचायतीच्या नोंदीतही तसेच घातले. ही माझी भित्री चूक. तो माझा जोडीदार आहे. माझा धाकटा भाऊ झिलू त्या 'गड्या'ला तिसऱ्या दिवशी हाकलील, ही धास्ती आहे.

२. जत्रेच्या नाटकात मी बत्तीस वर्षे स्त्रीपार्ट केला. देवीच्या सोंगात उभा राहिलो की बायका रंगमंचावर येऊन माझी ओटी भरत. कोर्टाने आम्हाला गुन्हेगार ठरवणारे कलम काढले, तेव्हा नागेश आणि मी शहरात मोर्चाला गेलो, मी साडीत. फोटो गावभर झाला. पुढच्या जत्रेत पदर पसरून उभा राहिलो, एकही बाई आली नाही. नंतर सोंगही काढून घेतले. मोर्चाचा मला पश्चात्ताप नाही. देवीचा माझा स्वतःचा मुकुट नाटकमंडळीला मुळीच देऊ नये. माझ्या जिवावर त्यांनी गल्ला भरला आणि मलाच हसले. तो मोर्चाची पुढारी सोनाली हिला द्यावा.

३. मेल्यावर माझे केस कापू नयेत, धोतर नेसवू नये. नागेशने शिवलेले हिरवे पोलके घालून साडी नेसवावी. अग्नी नागेशने द्यावा. झिलू दांडके घेऊन त्याची वाट अडवील, हे मला आत्ताच दिसते आहे. तेव्हा मी आडवा असेन, मध्ये पडता येणार नाही. मरणाची एवढी भीती वाटत नाही, याची वाटते.

४. मिळकत नागेशला जाते म्हणून साक्षीला त्याची सही चालत नाही. पाच घरे फिरलो. चहा सगळ्यांनी दिला, सही कोणीच नाही. शेवटी नंदिगड्ड्याच्या नर्सबाई तयार झाल्या. दुसरी साक्षीदार आपण होऊन आली, झिलूची बायको रुक्मा. मी नको म्हटले, तिला त्याच घरी परत जायचे आहे. अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला तर तिने तो बाजूला सारला.

"मार तर पडणारच हाय, भावजी. अंगठा नगं, नाव लिवते. ह्यांना वाचता आलं पायजे."

मृत्युपत्र करणार: येसाजी गणू वेळीप

साक्षीदार:
सुमंगला नाईक
रुक्मा झिलू वेळीप

ठिकाण: जोयडा
तारीख: ११ ऑगस्ट २०२५