एकशेवीसचा टायर आणि माझा गुडघा

आई, तू कशी आहेस? दमा आता छळत नसेल असं धरून चालतो. तिकडे चूल असलीच, तर एव्हाना तू कुणाच्या तरी मागे लागून धुराडं बसवून घेतलं असशील. दादांचा खोकला कसा आहे? आता तरी बिडी सोडा म्हणावं, आणि आता कशाला सोडता, हेही म्हणावं. माझी बायको तुझ्याकडे येऊन बरीच वर्षं झाली. तिची कंबर धरते का अजून? तुम्हा दोघींचं जमतंय ना, की आमटीत मीठ कुणी जास्त घातलं यावरून अजून चालूच आहे? इकडे ताई दिंडोरीला लेकाकडे बरी आहे. एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाने तिला पाहिजे तेवढंच ऐकू येतं. तुझा नातू आणि नातसून ठणठणीत. माझ्या तब्येतीचं मात्र जरा लांबण आहे, तेच सांगायला बसलोय.

माझी गाडी तुला आठवत असेल. मागे आडवी बसून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने माझा सदरा धरून तू किती फिरलीस तिच्यावर. ती अजून आहे. फवारणीचे पंप दुरुस्त करत मी तिच्यावर दिंडोरीच्या सगळ्या द्राक्षबागा पालथ्या घातल्या. पंप मला कुणी शिकवले नाहीत आणि गाडीही नाही. खोलायचं, बघायचं, परत बसवायचं, उरलेला नट हातात घेऊन विचार करत बसायचं. आता मी इंदिरानगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतो आणि गाडी खाली पार्किंगमध्ये. मनात आलं की किक मारायची आणि ताईकडे जायचं, एवढीच माझी चैन. मला अरे-तुरे करणारी आता तेवढी एकच उरली गं. तिच्या ओट्यावर बसून चार शिव्या खाल्ल्या की आठवडाभर माणूस ताजा राहतो.

यंदा गाडीचे टायर म्हातारे झाले होते. नक्षी शाबूत, पण रबर शिळ्या भाकरीसारखं कडक आणि बाजूला बारीक भेगा. मी बदलणारच होतो. पण पाडव्याच्या दिवशी मुलगा मला हात धरून पार्किंगमध्ये घेऊन गेला. "बाबा, आता उघडा डोळे." उघडले. पुढचा नवा, मापाचा होता, पण मागे हा एवढा थोरला टायर, म्हशीला हत्तीचा पाय लावावा तसा.

"एकशेवीसचा टाकलाय," तो म्हणाला. "आधीचा काडीसारखा दिसायचा. आता बघा कशी भरदार वाटते! आणि घरोघर जेवण पोचवणारी पोरं हाच घालतात म्हणे. झिजतच नाही. आता तुम्हाला जन्मात टायर बदलायला नको."

जन्मात म्हणजे कुणाच्या, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्याचा चेहरा असा फुलला होता की मी म्हणालो, "झकास."

आता तुला समजेल असं सांगतो. माझ्या गाडीचं मागचं माप जुन्या हिशेबात सव्वातीन इंची, अठराचा रिम. आजच्या मिलिमीटरच्या भाषेत नव्वद, फार तर शंभर. रिम अरुंद आहे. त्यावर एकशेवीसचा टायर म्हणजे लहान ताटलीत मोठी भाकरी चेपून बसवायची. कडा दबतात आणि मधे फुगवटा येतो. सरळ रस्त्यावर कळत नाही. वळणावर मात्र गाडी आधी हटून बसते आणि मग एकदम अंग टाकते. साखळीच्या कव्हरला घासत होता म्हणून मेकॅनिकने कव्हरच ठोकून वाकवलेलं. आणि जो टायर झिजत नाही, तो धरतही नाही. रबर कडक असलं की टिकतं, पण ओल्या रस्त्यावर न्हाणीतल्या साबणासारखं पळतं. मऊ असलं की धरतं, पण लवकर संपतं. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला टिकणारा कशाला हवा? धरणारा हवा.

दिंडोरीच्या रस्त्यावर एक दिवस अवकाळी भुरभुर झाली. वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरने डांबरावर काळा चिखल ओढून ठेवलेला. मागचं चाक निघालं ते मला सोडूनच. पाय टेकला म्हणून वाचलो. तसाच परत फिरलो. दारात मुलगा, "कशी पळते?" मी म्हणालो, "एकदम मस्त."

तुला हसू येईल, पण तेव्हा मला तू घेतलेले शाळेचे बूट दिसले. तू आमचं सगळं वाढत्या अंगाचंच घ्यायचीस. "पोर काय लहान होणार आहे?" हे दुकानदाराला ठरलेलं वाक्य. आणि बोटाने टोचून टोचून, "टिकेल ना?" तेच दुकानातलं बोलणं मी माझ्या पोराच्या वेळी केलं, आणि त्याने माझ्या गाडीच्या वेळी. त्याचा काय दोष? तर ते बूट मला होडीएवढे. पुढे चिंध्या कोंबून मी घालतोय, टाचा सोलल्यात, आणि घरी येऊन सांगतोय, छान आहेत. मग एकदा स्वयंपाकघरात मी पाय धुताना तुला फोड दिसतात. परातीत पीठ तसंच टाकून, भरल्या हाताने तू माझी टाच धरतेस. "तोंडाला कुलूप लावलं होतं का रे? घेणाऱ्याचा मान राखायचा म्हणून पाय नासवायचा असतो होय?" आणि त्याच पावली दुकानात जाऊन, भांडून, बूट बदलून आणतेस. इतकं स्वच्छ सांगितलं होतंस तू. तरी वयाच्या या टोकाला मी पुन्हा तेच केलं.

गाडी का काढत नाही, असं मुलाने विचारलं तेव्हा तोंडातून निघालं, "गुडघा दुखतो."

आई, माणसाने दुखणं सांगताना विचार करून सांगावं. सूनबाई चांगली आहे, फार चांगली आहे, तिथेच फसलो. सकाळ-संध्याकाळ कोमट तेल. गुडघ्याला पट्टा. बटाटा बंद, वांगं बंद. जिन्याला बंदी, लिफ्टने खाली जायचं तर सोबत कुणीतरी. संडासात भारतीय बैठकीवर खुर्ची आली. मी उठलो की दोन्हीकडून हात येतात, "बाबा, हळू." पाडव्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा लागला, आणि मी बाल्कनीतून खाली माझ्याच गाडीचं सीट बघत बसलोय. ताईचा फोन येतो, "लय दिवस झाले रे. गुडघ्याला काय धाड भरली तुझ्या? मला बघ, मी बिनगुडघ्याची चालते." मुलगा म्हणतो, "रविवारी कारने नेतो की." रविवार येतो आणि जातो. नेलंच तरी चहा निवायच्या आत "निघू या का बाबा?" सुरू होतं.

श्रावणात एका संध्याकाळी सून तेल चोळत होती आणि मुलगा म्हणाला, "तुमची गाडी नुसती उभीच आहे. सोमवारी आम्ही दोघं त्र्यंबकेश्वरला तिच्यावरच जाऊन येतो." बाहेर झड लागलेली. मी ताडकन उभा राहिलो. पट्ट्याशिवाय, कुणाच्या हाताशिवाय.

"त्या टायरवर जायचं नाही!"

सून तेलाची वाटी धरून माझ्या गुडघ्याकडे बघतच राहिली. "बाबा, म्हणजे गुडघा...?"

"गुडघ्याला काही नाही झालं. टायरला झालंय."

मग सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, "एवढे महिने तुम्ही घरात बसलात, पण मला टायर चुकला असं म्हणाला नाहीत? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?" सून म्हणाली, "आणि मी तिळाचं तेल संपवलं की हो!" तेव्हा तो हसला. पण डोळे नव्हते हसत त्याचे.

दुसऱ्या दिवशी मलाच घेऊन टायरच्या दुकानात गेला. मी नव्वदचा मागितला, मऊ रबराचा, ओल्यात धरणारा. दुकानदार म्हणाला, "काका, हा लवकर झिजेल बरं का." मुलगा मधेच म्हणाला, "झिजू द्या. त्यांना हवा तोच द्या." किती दिवसांनी मला कुणी हवं ते दिलं. टायरवर तो कधी बनला त्याचे आकडे असतात, ते मी चष्मा लावून वाचले. नव्या नावाखाली शिळा माल नको. साखळीचं कव्हर सरळ करून घेतलं. परत येताना मुलगा चालवत होता, मी मागे. पावसात पहिल्याच वळणावर गाडी पूर्वीसारखी झुकली, आणि तो मान न वळवता म्हणाला, "आता कळलं मला."

आज सकाळी माझी पाळी होती. सुनेने ताईसाठी डबा भरून दिला. दोघं खाली पोचवायला आले, पट्टा नाही, हात नाही, अगदी मोकळं सोडलं मला. मी टांग टाकली, किकवर पाय ठेवला, भार दिला. आणि गुडघ्यात अशी सणक आली, की गाडीचं हँडल घट्ट धरून उभा राहिलो. किती महिने खुर्चीत बसवून ठेवला होता, गंजणार नाही तर काय? पुन्हा पाय दिला. नाहीच. दोघं माझ्याकडे बघत होती. मी वर बघितलं आणि म्हणालो, "आभाळ भरलंय. उद्या जातो."

मुलगा म्हणाला, "आता काय झालं, बाबा? पुढचा टायर?" सून खळखळून हसली. मीही हसलो.

आई, गुडघा खरंच दुखतोय. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मुलगा म्हणेल, बाबांचं काहीतरी पुन्हा सुरू झालं. आणि विश्वास ठेवलाच, तर सून तेलाची वाटी घेऊन येईल आणि मी परत त्या खुर्चीत. हे पत्रही मी टाकणार कुठे? पण तू वाचल्यासारखं कर आणि काय करू ते कळव. डबा ताईकडे पोचला नाही. तिने मघाशी फोन केला, "निघालास का रे?" म्हणून. आवाज फार बारीक झालाय तिचा. ती तुझ्याकडे यायच्या आत मला तिच्याकडे पोचायचंय. तेव्हा जमेल तितक्या लवकर लिही.