योगेशचा कागद

मांजरी,
१४ सप्टेंबर

चि. उत्कर्षा,

आजीचा आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. अक्षर वाकडं आहे, चालवून घे. फोन केला की तू "आजी, ड्युटीवर आहे" म्हणून ठेवतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

तुझ्या आईचे गुडघे दुखतात, तरी टीव्हीसमोर मांडी सुटत नाही. मागच्या उसाच्या रानात बिल्डिंग उठतेय. म्हणजे उठायची आहे, आत्ता नुसता खड्डा आहे. त्यात पाणी साचलंय आणि पाण्यावर डास. दिवे लागायच्या आत दारं लावून बसतो.

शेजारची गोदाबाई आता दोन घास खाते. योगेशच्या दहाव्याला तुला सुट्टी मिळाली नाही, ते सांगितलं मी तिला.

खड्ड्याचं सांगत होते. गल्लीत ताप फिरतोय म्हणून मी आणि गोदाबाई धूर फवारणीच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाला, "आजी, डेंग्यूनं माणूस गेलेल्या भागात गाडी आधी जाते. तुमच्याकडे तशी नोंद नाही."

"अहो, हिचा पोरगा गेला की!"

त्यानं दवाखान्याचा कागद मागितला. गोदाबाईनं पिशवीतून झेरॉक्स काढली. तो म्हणाला, "यात तर हृदय बंद पडून मृत्यू असं लिहिलंय."

"साहेब, मेलेल्या माणसाचं हृदय चालू असतं काय?"

तो हसला. मग खालची सही वाचली. मोठ्यानं वाचली. तुझं नाव.

बाहेर आल्यावर गोदाबाई म्हणाली, "पोर घाईत व्हती. माझ्यापायीच घाई केली तिनं. रागवू नगंस तिला." तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं गं.

योगेश गेला त्या दिवशी दवाखान्यात बाकीचे लोक कागदासाठी ताटकळत होते आणि आमचा तू लगेच आणून दिलास. घरची डॉक्टर असली की असं असतं, म्हणाले सगळे. मीपण मान ताठ करून उभी होते. पण रक्ताचा रिपोर्ट फाइलीत होता ना? डेंग्यू आहे, पेशी उतरल्यात, हे आम्हाला तूच सांगितलंस. मग लिहिताना कुठं गेलं ते? गेल्या दिवाळीत हसत सांगत होतीस, "हृदय थांबलं लिहिलं की कोणी परत विचारत नाही." आता मी विचारते.

श्रद्धाला कालपासून ताप आहे.

हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, हात वळला नाही. योगेशची बायको, सातवा महिना. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणते. तोपण हेच म्हणायचा. सकाळी रक्त दिलंय, अजून काही कळलं नाही. गोदाबाई तिची मच्छरदाणी खोचते, काढते, परत खोचते. मी तिला बस म्हणते आणि मीच उठून दारं बघते.

धुरानं श्रद्धाचा ताप उतरणार नाही, एवढं मलापण कळतं. पण गल्लीत अजून लेकरं आहेत. साहेब म्हणाला, सही करणाऱ्या डॉक्टरनं दुरुस्ती लिहून दिली तर नोंद बदलते. तुझे मोठे डॉक्टर ओरडतील. ओरडू देत. ओरडण्यानं कुणाला ताप येत नाही.

हे पत्र रिक्षावाल्या बद्रीनाथच्या हातानं पाठवतेय. दुरुस्ती घेतल्याशिवाय तो हलणार नाही. त्याला चहा पाजून वाटेला लावू नकोस. तूपण त्याच रिक्षात बसून ये. श्रद्धाला बघ, आणि गोदाबाईला तुझ्या तोंडानं सांग काय झालं ते. तुझ्या वतीनं मी सांगणार नाही.

तुझ्यावर माया आहे, ती कुठं जात नाही. पण आज मी आधी गोदाबाईची शेजारीण,
मग तुझी
आजी