कार्ड जमा झाल्याशिवाय मला उचलू नये

मी, तुळशीराम गोविंदा रामटेके, तोफखान्यातला सेवानिवृत्त हवालदार, वय ७९, राहणार तात्यापारा, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डावा कान तोफांनी नेला, बुद्धी जागेवर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणणारे आणून थकले.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नी सरला हिची. तिच्यानंतर घर मुलगा देवीदास याचे, रस्त्याकडची खोली वगळून. ती खोली, तिथला बाक, कागदांची लोखंडी पेटी व झेरॉक्स मशीन माझ्यामागे लगेच नात दीक्षा हिची. देवीदासला खोली औषधांच्या दुकानासाठी भाड्याने द्यायची आहे. तो नेहमी विचारतो, "बाबा, काहून दुसऱ्याइचे कागद वाहून राहिले तुम्ही?" उत्तर इथेच लिहितो, म्हणजे त्याला वकिलासमोर बसून ऐकावे लागेल.

२. माझा मित्र नायक भैय्यालाल गजभिये वारला तेव्हा त्याच्या छातीवर टोपी, पदके आणि माजी सैनिकांच्या दवाखान्याचे कार्ड मीच ठेवले. शिपाई ओळखपत्राशिवाय कुठे जात नाही, एवढेच डोक्यात होते. सगळे चितेवर जळाले. पुढे त्याची पत्नी शेवंताबाई काचबिंदूसाठी गेल्या, तर खिडकीतला बाबू म्हणाला, "पहले साहब का असली कार्ड जमा कीजिए, तब आपका बनेगा." अकरा महिने मी खेटे घातले. त्यांचे कार्ड हातात आले तोवर त्यांचा उजवा डोळा गेला होता. चूक माझी होती, आणि तिची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून दर गुरुवारी खोली उघडी असते. म्हातारे शिपाई आणि विधवा येतात. दवाखान्याची चिठ्ठी एकीकडे, मोठ्या रुग्णालयाची मंजुरी दुसरीकडे, पेन्शनचे कागद तिसरीकडे. मी सगळे एकत्र टाचून देतो. दीक्षा मराठी समजते, बोलते हिंदी. "आजोबा, फॉर्म मैं भर दूँगी," म्हणते आणि खरोखर भरते. म्हणून खोली तिची. देवीदासने कोर्टात जायचे तर खुशाल जावे, तिथलीही रांग पाहावी.

३. त्या बाबूला माझी प्लास्टिकची खुर्ची द्यावी. ती खिडकीच्या आत नाही, बाहेर ठेवायची आहे.

४. पदके देवीदासने ठेवावीत. माझ्या छातीवर काहीही ठेवू नये, कार्ड तर मुळीच नाही. सरलाचे डायलिसिस मंगळवारी व शुक्रवारी असते आणि ते माझ्याच कार्डावर चालते. तिचा एकही वार चुकता कामा नये. मी गेल्यावर डॉक्टरचा दाखला आणि मूळ कार्ड घेऊन देवीदासने आधी खिडकी गाठावी, कार्ड जमा करून शिक्क्याची पावती आणावी. ती सरलाच्या हातात पडेपर्यंत मला उचलू नये. नातेवाईक कुरकुरतील, कुरकुरू द्यावे. लागला तर बर्फ आणावा. रविवारी मेलो तर सोमवारी खिडकी उघडेपर्यंत थांबेन. रांगेत थांबायची मला सवय आहे.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून शेवंताबाईंच्या नावे काही नाही. माफी तेवढी मागितली आहे.

रायपूर, गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५
(सही) तुळशीराम गोविंदा रामटेके

साक्षीदार:
१. नीलकंठ वासनिक, सेवानिवृत्त सुभेदार. सही माझ्यासमोर झाली.
२. शेवंता भैय्यालाल गजभिये. पूर्ण वाचून सही केली. देवीदासले वेळ नसन तर पावती मी आणीन.