खुर्ची घेऊन निघालेलं गाढव

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भाऊजी कानाचं यंत्र कानात घालतात की अजून खिशातच बाळगतात, ते सविस्तर कळव. मी बरा आहे. स्वयंपाक शिकलो. पुस्तकबांधणीचा धंदा शिकलो तसाच, कोणाला न विचारता. दोन पातेली गेली, पण शिकलो.

ही गेल्याला सात महिने झाले. दर उन्हाळ्यात वाचनालयाच्या बाजूच्या खोलीत ही चार वाजता लहान मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची आणि त्यासाठी चोवीस पुस्तकं स्वतः निवडायची, हे तू पाहिलंच आहेस. यंदा ग्रंथपालबाई माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "आता उन्हाळ्यात मुलांचं काय करायचं, सुचत नाही." (त्यांना फक्त हळहळायचं होतं, हे मला फार उशिरा कळलं.) मी हातातला डिंकाचा ब्रश खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "पुस्तकं मी निवडतो, वाचूनही मीच दाखवतो." सातवीनंतर शाळा सुटलेल्या आणि जुनी पुस्तकं उसवून उसवून बांधणी शिकलेल्या माणसाला चोवीस पातळ पुस्तकं निवडणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असा माझा समज.

एकशे साठ पुस्तकं तपासली. प्रत्येक पुस्तक दोन्ही पुठ्ठ्यांना धरून उलटं टांगायचं. पानं लोंबली की बाद. पाठ नुसती चिकटवलेली, शिवण नाही, की बाद. मग आतला मजकूर. एका कोळ्याला सहाच पाय होते. एका घरामागे सूर्य होता आणि सावलीही घरामागेच. एका आगगाडीला चौथ्या पानावर पाच डबे आणि पाचव्यावर सहा (तीनदा मोजले, मध्ये स्टेशन लागलेलं नाही). ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, मुलं पाय मोजत नाहीत." मी म्हणालो, "म्हणून तर आपण मोजायचे." त्यांनी रजिस्टर उघडलं. मला वाटलं, पटलं.

हिच्या कपाटात एक पातळ पुस्तक सापडलं. एक गाढव पाठीवर खुर्ची घेऊन निघालंय, दर पानावर कोणीतरी त्या खुर्चीवर बसतंय, कोंबडी, बकरी, एक जाडा बेडूक, आणि अख्ख्या पुस्तकात एक अक्षर नाही. माझ्या तत्काळ लक्षात आलं की रंग छापून झाले आणि अक्षरांची छपाई राहून गेली. प्रकाशकाला दोन पानी कडक पत्र धाडलं. तोवर मुलांचं नुकसान नको म्हणून पट्टीने रेघा मारून मीच मजकूर घातला (पेन्सिलीने, बांधणीवाला पुस्तकात शाई वापरत नाही). "हे गाढव आहे. गाढवाच्या पाठीवर खुर्ची आहे. खुर्चीला चार पाय आहेत." पानांचे खालचे कोपरेही मळले होते. चांगला खोडरबर घेऊन बारापैकी अकरा स्वच्छ केले, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

पहिल्या दिवशी सोळा मुलं होती. पूल कसे बांधतात यावरचं पुस्तक घेतलं, उत्तम शिवण. दुसऱ्या खांबापर्यंत एक मूल टेबलाखाली गेलं आणि दोन खिडकीत. मग पुढचे दात पडलेली एक मुलगी म्हणाली, "गाढवाचं वाचा ना."

वाचलं. खुर्चीच्या पायांपर्यंत पोचलो तेव्हा ती म्हणाली, "असं नाहीये ते."

"छापखान्याची चूक होती बाळ, मी दुरुस्त केली."

"चूक नव्हती काही. काकू सांगायच्या ते."

"आणि बेडूक बसला की खुर्ची अशी करायची," टेबलाखालून आवाज आला, आणि पाठोपाठ लांबलचक करकर. मग सोळाही जणांनी ती करकर करून दाखवली. ताई, तो आवाज आमच्याच घरातला. जेवून मी खुर्चीतून उठलो की ही मागून तसा आवाज काढायची. माझ्या वयाची थट्टा करते म्हणून मी एकदा दोन दिवस अबोला धरला होता. ती तालीम करत होती.

पुढचं सगळं मुलांनीच सांगितलं. शेवटच्या पानावर टेकडी आहे, खुर्ची रिकामी आहे आणि गाढव शेजारी उभं आहे. तिथे सगळे अडले. शेवटचं काकू अगदी हळू सांगायच्या, एवढंच सगळ्यांना आठवत होतं. एक म्हणाला गाढव बसतं, दुसरा म्हणाला बसत नाही. दातपडकी माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत असेल. तुमच्याच घरी राहायच्या ना त्या?"

ताई, माझं दुकान त्या खोलीपासून चाळीस पावलांवर आहे. नऊ उन्हाळे ही चार वाजता जायची, आणि एकदाही मी उठून तिथे जाऊन बसलो नाही.

घरी येऊन माझी अक्षरं खोडायला बसलो तेव्हा ते मळके कोपरे कशाने मळले होते, ते ध्यानात आलं. नऊ उन्हाळे एकच अंगठा. अकरा मी पुसले. बारावा आहे. ते पान आता मी वरच्या कोपऱ्याला धरून उलटतो.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार सांग (मोठ्याने).

तुझा धाकटा

ता. क. प्रकाशकाचं उत्तर आलं, एका ओळीचं: "पुस्तक असंच आहे." कागद मात्र हलका वापरतात.

ता. क. मूळ मुद्दा राहिला. गेल्या उन्हाळ्यात तू तीन आठवडे आमच्याकडे होतीस आणि रोज विणकाम घेऊन त्या खोलीत मागे बसायचीस. शेवटच्या पानावर ही काय म्हणायची? जसं म्हणायची तसंच लिही. मुलांना मी सोमवारचा वायदा केला आहे.

ता. क. आठवत नसेल तर पत्र लिहूच नकोस. गुडघा सांभाळत तूच ये, चार वाजता माझ्या शेजारी बस, आणि त्या पानावर तुला सुचेल ते सांग. मी दुरुस्त करणार नाही. कोळ्याचं पुस्तकही परत घेतलं आहे.