गोळाभातातला भात

गुरुवार, जानेवारी १९७८

पहिले आली ती माझी धाकटी जाऊ शांता. मागून तिची लेक, नातीले कडेवर घेऊन. शांता किती बारीक झाली, पोलकं ढिलं पडलं. जीव जळला माझा.

दिवाळीपासून मी तेल-तूप सोडलं, पोटभर कोरडा भात खाऊन राहिली, तरी कंबर तशीच. आज गोळाभात केला, डाळीचे गोळे अन् भात. शांतानं गोळे घेतले, वरून फोडणीचं तेल घेतलं, भात घासभरच.

"काहून वं, भात आवडला नाही?"

"डॉक्टरनं भात, पोळी, साखर कमी करायले सांगितलं, अक्का. तेल थोडंसं चालते."

म्हणजे मी भलतंच सोडून बसली?

नात मात्र माझ्याच मांडीवर झोपली. शांताची मांडी टोचते म्हणे. लय बरं वाटलं.

रविवारी पुन्हा येतो म्हणाल्या. गोळाभातच करीन, अन् भात मीही घासभरच घेईन.