वायर दिसली पाहिजे

डायरी, ता. ११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी फिरून आले. दूध तापवलं, गॅस पुसला. दुपारी पडद्यांना इस्त्री केली. इतकंच.

वन्संना नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला असेल (थांबला नसेल तर औषध बदलू नका, सिगारेटी कुठे लपवतात ते शोधा). मी बरी आहे. साखर थोडी वर गेली म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलंय. त्यातूनच ती खरेदी झाली. मी गाण्याचं यंत्र घेतल्याचं तुमच्या कानावर आलं असेलच, आणि लोक काय म्हणतात तेही. तर खरं काय ते सांगते.

हे गेल्यापासून बागेत मला कुणी नुसतं चालूच देईना. माणसं चांगली आहेत, हीच पंचाईत. फाटकापाशी रिटायर झालेले पोस्टमास्तर थांबवून विचारायचे, "आता कसं वाटतंय?" थोडं पुढे दुसऱ्या मजल्यावरच्या बाई माझा हात धरून स्वतःच रडायच्या, मग मीच त्यांना बाकावर बसवून पाणी द्यायचं. (माझं रडणं मी घरी आटोपून निघते. चारचौघांत मला जमत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.) एकदा सगळ्यांना चुकवून झुडपांमागून गेले, तर तिथे वकीलसाहेब शीर्षासनात. त्यांनी तशा उलट्या अवस्थेतच माझं सांत्वन केलं. मग लक्षात आलं, कानात वायर घालून फिरणाऱ्यांना कुणी थांबवत नाही.

दुकानदार बिचारा मनापासून दाखवत होता. यात पाच हजार गाणी मावतात म्हणाला. मला एकही नको होतं. मग त्याने कानात बसणारी इवलीशी बटणं काढली. "काकू, घातलंय हे कुणाला कळणारसुद्धा नाही." न कळून कसं चालेल? लांबून दिसेल असं काही आहे का, विचारलं. तो म्हणे आवाज ऐकून बघा, आणि मी मागतेय आरसा. शेवटी त्याने दुकानातला सगळ्यात स्वस्त नग काढला. आवाज चिरका आहे, मागून तक्रार चालणार नाही, असं दोनदा बजावलं. पण वायर काय सांगू! केशरी, आणि कपडे वाळत घालायच्या दोरीएवढी जाड. तोच घेतला. चार्जिंगची वायर अजून खोक्यातच आहे. गरजच पडली नाही.

उपाय लागू पडला. पोस्टमास्तरांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पण वन्सं, बहिऱ्याचं सोंग सोपं नाही हो. मागून सायकलची घंटी आली तरी सायकल अंगावर येईपर्यंत हलायचं नाही. अधूनमधून मान डोलवायची. शिवाय मला ऐकू येत नाही असं धरून लोक मोकळेपणी बोलतात. "सहा महिने नाही झाले, आणि गाणी!" असं दुसऱ्या मजल्यावरच्या बाई माझ्या अगदी मागूनच म्हणाल्या, तेव्हा मी नेमकी मान डोलवत होते.

परवा मागून कंडक्टर आणि दातांचे डॉक्टर येत होते. हे दोघे यांचे फिरायचे सोबती. कंडक्टरांची नोकरी सुटली, पण आवाज अजून भरल्या बसमधलाच आहे. "आपल्या साहेबांचा बूट कुत्र्याने पळवला, तो दिवस आठवतो का हो?" माझे पाय आपोआप मंदावले. हे म्हणे हिरवळीवर बूट काढून व्यायाम करत होते, तेवढ्यात कुत्रं एक बूट घेऊन पळालं. सगळे मागे धावले, काही उपयोग झाला नाही. "आणि मग साहेबांनी काय करावं!" म्हणत डॉक्टर आधीच हसायला लागले, आणि हसत हसतच दोघे फाटकाबाहेर गेले. मी विचारणार कशी? मी तर गाणी ऐकत होते! हे एकदा अनवाणी घरी आले होते, ते मला आठवतं. बूट एका गरजूला दिले म्हणाले. मी ते आल्यागेल्याला सांगितलं, तुम्हालाही मोठ्या अभिमानाने कळवलं होतं. यांच्या सगळ्या गोष्टी मला पाठ आहेत, वन्सं. ही एक नवी निघाली. काल आणि आज त्या दोघांच्या पुढे मुद्दाम रेंगाळले, तर ते सभ्यपणे मला ओलांडून गेले.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला जपा.

तुमची भावजय

ता. क. पत्र लिहायचं कारणच राहिलं. त्या बुटाचं पुढे काय केलं ते यांनी तुम्हाला कधी सांगितलं होतं का? बहिणीपाशी बोलले असतील. आठवेल तेवढं लिहा, अर्धवट असलं तरी चालेल.

ता. क. (बुधवार) आता लिहायची तसदी घेऊ नका. आज राहवलं नाही. दोघे जवळ आले तशी कानातली वायर ओढून काढली आणि विचारलं, "मग बुटाचं काय झालं?" दोघे जागच्या जागी थांबले. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, यंत्र बंद होतं वाटतं?" म्हटलं, "पहिल्या दिवसापासून." मग दोघांनी एकमेकांना तोडत सांगितलं. यांनी उरलेला बूट उचलला आणि कुत्रं जिथे दिसेनासं झालं तिथे नेऊन ठेवला. "एक बूट ना त्याच्या कामाचा, ना माझ्या. निदान त्याची तरी जोडी होऊ दे," म्हणाले. तर वन्सं, तो गरजू म्हणजे ते कुत्रं. तुम्ही ज्यांना ज्यांना ती दानाची गोष्ट सांगितली असेल, त्यांच्याकडे ती तशीच राहू द्या.

डायरी, ता. १२ नोव्हेंबर, बुधवार. घरी आले. भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूमचा नळ मोठा सोडला आणि बादली भरेपर्यंत हसून घेतलं. मग त्यात कपडे भिजवले.